चिंचोके, रवा आणि चवळी : घरी शिकणाऱ्या लहानांसाठी हातांचा अभ्यास

पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘एकोणतीस’ लिहायला सांगितलं, तर पुष्कळदा ते ३९ लिहितं. कानावर ‘तीस’ पडलेलं असतं म्हणून तीन, आणि एकोणिसात-एकोणतिसात नऊ येतात हे पाठ असतं म्हणून नऊ. खोडून दहा वेळा लिहायला लावलं तरी ही चूक हटत नाही. तेच, समोर दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे ठेवा. एका गठ्ठ्याचं रबर सोडा, त्यातली एक काडी उचलून मुठीत लपवा आणि विचारा, ‘आता किती?’ मूल मोजतं : दोन गठ्ठे, नऊ सुट्या. तिसाला एक कमी. ‘एकोण’ म्हणजे काय ते त्याला दिसतं, समजावून सांगावं लागत नाही.

साडेतीन ते सात वर्षांच्या मुलाला घरी शिकवताना हाच क्रम सगळीकडे धरायचा. आधी वस्तू हातात, मग तोंडी शब्द, आणि कागदावरचं चिन्ह सगळ्यांत शेवटी. घरचा अभ्यास रडारडीवर जातो तो बहुतेक वेळा हा क्रम उलटा झाल्यामुळे. दुकानातून सरावाची वही आणली जाते, पहिल्या पानावर १ गिरवायचा असतो, आणि ‘एक’ म्हणजे काय हे हाताला माहीतच नसतं.

यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. तिथे त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं हीच साधनं केली. परवडत नव्हतं हे एक कारण होतंच, पण ओळखीच्या वस्तूकडे मुलाचा हात आपणहून जातो हेही तितकंच खरं.

मांडणी

एकेका कामाचं सगळं सामान एका ताटात ठेवा. एका वेळी तीनच ताटं मुलाच्या हाताला येतील अशी मांडा, बाकीची वर ठेवून द्या. दहा ताटं मांडली तर मूल दहाही उपसतं आणि एकही पुरं करत नाही. ताट उचलून आणणं, काम करणं आणि जागेवर परत ठेवणं हे सगळं मिळून एक काम धरायचं.

नवीन काम दाखवताना बोलू नका. हळू हातानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा करून दाखवा आणि ताट मुलापुढे सरकवा. बोलत-बोलत दाखवलं की मूल तुमच्या तोंडाकडे पाहतं आणि हाताकडे त्याचं लक्ष राहत नाही. सकाळी २०-३० मिनिटं आणि संध्याकाळी तेवढीच पुरेत. एकच काम पंधरा दिवस करत राहिलं तर करू द्या, ते कंटाळून स्वतःच थांबतं.

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चिंचोके, राजमा, मणी जमिनीवर राहू देऊ नका. नाकात आणि कानात जातात, घशात अडकतात. बियांमध्ये लालभडक गुंजा आणि एरंडाच्या बिया अजिबात वापरू नका, कितीही सुंदर दिसल्या तरी. दोन्ही विषारी असतात आणि चावल्या गेल्या तर जिवावर बेततं.

ओतणं, भरणं, मोजणं

सुरुवात इथून करा. दोन छोटी भांडी घ्या, एकाला चोच असलेली बरी. पहिल्या आठवड्यात राजमा, मग तांदूळ, मग पाणी. भांडं अर्धंच भरा, काठोकाठ भरलं की मनगट वळायच्या आधीच सांडतं. ताटात हातरुमालाएवढं फडकं आधीपासून ठेवा. सांडलेलं पुसणं हा कामाचाच भाग आहे असं दिसलं, तर मूल सांडण्याला घाबरत नाही.

पाणी ओतणं जमलं की अंदाज सुरू करा. ‘हा तांब्या भरायला किती वाट्या लागतील?’ आधी मुलानं आकडा सांगायचा, आकड्याएवढे चिंचोके ओळीत मांडायचे, आणि प्रत्येक वाटी ओतली की एक चिंचोका बाजूला करायचा. चिंचोके उरले तर अंदाज जास्त होता, तांब्या भरण्याआधीच संपले तर कमी. तुम्हाला ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ म्हणावंच लागत नाही. नंतर एकाच मापाचं पाणी उंच पेल्यात आणि पसरट ताटलीत ओतून ‘कशात जास्त?’ असं विचारा. पाच वर्षांचं मूल बहुतेकदा उंच पेला दाखवतं. दुरुस्त करू नका. परत वाटीत ओतायला द्या, पुन्हा विचारा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा करा. ही समज सांगून येत नाही, वयानं आणि ओतून-ओतूनच येते.

आकडे : चिंचोके आणि काड्या

दहापर्यंत चिंचोके, दहाच्या पुढे काड्या.

चिंचोके धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा. त्यांतले १० घेऊन खडबडीत फरशीवर किंवा दगडावर एका बाजूनं घासा, म्हणजे तपकिरी साल जाऊन पांढरा गर दिसतो. पटावर फासे म्हणून पूर्वी असेच चिंचोके टाकत. घासण्याचं काम मोठ्यांनी करावं. साल टणक असते आणि मुलांची बोटं सोलवटतात.

आधी ५ चिंचोके घ्या. मुलानं ओंजळीत खुळखुळवून टाकायचे आणि सांगायचं : पांढरे किती, काळे किती. तीन आणि दोन. चार आणि एक. कधी पाच आणि शून्य, आणि शून्य हा शब्द इतक्या सहज दुसरीकडे कुठेच भेटत नाही. पाचाच्या जोड्या न मोजता सांगता आल्या की ७, मग १०. एकदम दहावर उडी मारली तर मूल प्रत्येक वेळी एकापासून मोजत बसतं आणि जोडी डोळ्यांत बसत नाही. दहाच्या जोड्या पक्क्या होण्यासाठी महिना-दोन महिने लागले तरी द्या. पुढची हातच्याची सगळी बेरीज त्यांच्यावरच उभी राहते.

काड्यांसाठी खराट्याचे जाड हीर घेऊन १०-१० सेंटिमीटरचे १०० तुकडे करा आणि टोकं पॉलिश पेपरनं घासून घ्या. आइसक्रीमच्या काड्या असतील तर त्याहून सोपं. बांधायला केसांना लावायचे छोटे रबर आणा. साधं रबर तीन वेढे देऊन बसवणं चार-पाच वर्षांच्या बोटांना जमत नाही, आणि सगळा जीव त्या वेढ्यांतच अडकतो.

इथे एक गोष्ट कटाक्षानं पाळा : गठ्ठे तयार करून देऊ नका. मुलानं स्वतः दहा मोजून स्वतः बांधलेला गठ्ठाच त्याच्यासाठी ‘दहा’ असतो. आयता गठ्ठा त्याच्या लेखी एक जाडसर वस्तू असते, तिला ते ‘एक’ म्हणूनच मोजतं. रोज पाच-सहा सुट्या काड्या पेटीत टाकायच्या आणि दहा झाल्या की बांधायच्या, असा नेम ठेवला तर शंभराव्या काडीपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. त्या दिवशी दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा बांधताना मुलाचा चेहरा जरूर पाहा.

आता मराठीची खास अडचण. आपण लिहितो २५, दोन आधी आणि पाच मागून. म्हणतो मात्र ‘पंचवीस’, पाच आधी आणि वीस मागून. म्हणून ५२ आणि २५ यांची अदलाबदल होते. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन दिलं, त्यावर राज्यभर वाद झाला. घरी शिकवताना दोन्ही ठेवणं सोयीचं पडतं. गठ्ठे मांडताना ‘वीस… पाच’ असं हातासोबत म्हणायचं, आणि मांडून झालं की त्याच दमात ‘पंचवीस’. ‘वीस पाच’ हे हाताचं नाव आणि ‘पंचवीस’ हे बोलण्यातलं नाव. मुलं यात गोंधळत नाहीत, घरातलं आणि शाळेतलं अशी दोन नावं त्यांना ओळखीचीच असतात.

एकोणवीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांच्यासाठी सुरुवातीला सांगितलेली काडी लपवण्याची युक्ती करा, आणि एकोणनव्वदपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र करा. नव्याण्णव मात्र या घरातला नाही, त्याला ‘एकोणशंभर’ म्हणत नाहीत. मुलानं ‘एकोणशंभर’ म्हटलं तर त्याला नियम कळलाय असं समजून आधी शाबासकी द्या, मग नाव सांगा.

लिहिण्याआधी कार्डं. १०, २०, ३०… ९० यांची ९ कार्डं १२ × ८ सेंटिमीटरची, आणि १ ते ९ यांची ९ कार्डं बरोबर ६ × ८ सेंटिमीटरची. २० वर ५ चं कार्ड उजव्या कडेला जुळवून ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि २५ दिसतो. उचललं की आत वीस तसाच असतो. लहान कार्ड ६ सेंटिमीटरहून जरा जरी कमी झालं तरी मागचं शून्य डोकावतं, आणि मूल ते ‘दोनशे पाच’सारखं वाचायला लागतं. कापताना पट्टी लावूनच कापा.

देवनागरी अंक पक्के होईपर्यंत इंग्रजी अंक शेजारी मांडू नका. आपला १ इंग्रजी नवासारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठासारखा. घड्याळ, मोबाइल, बसचा नंबर यांतून इंग्रजी अंक भेटतच राहतात. त्यांना अडवायचं नाही, पण अभ्यासाच्या ताटात एका वेळी एकच लिपी असावी.

वजाबाकीत ३२ मधून ५ काढताना सुट्या दोनच दिसतात. इथे थांबा आणि बोलू नका. गठ्ठ्याचं रबर सोडायचं हे मुलाला सुचेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, कधी दोन-तीन दिवस. ज्याला ते स्वतः सुचलं, त्याला पुढे ‘शेजाऱ्याकडून उसने घे’ असं सांगावं लागत नाही.

अक्षरं : रव्याचं ताट आणि खरखरीत अक्षरं

अ, आ, इ, ई या क्रमानं सुरू करू नका. ती अक्षरं वळवायला अवघड, आणि चार-पाच शिकूनही त्यांतून शब्द फारसे बनत नाहीत. जुन्या लोकांनी ग, म, भ, न ही एका घडणीची, उजवीकडे काना असलेली अक्षरं आधी घेतली ती उगीच नाही. म, ग, न, र, त, घ एवढ्या सहांतून घर, मत, मगर, नगर, गरम हे शब्द पहिल्या पंधरवड्यातच वाचता येतात. त्यात नुसता काना मिळाला की नाग, रात, तार, मान, घार. मूल वाचायला लागलं याची खूण त्याला स्वतःला पटते, मग ते पुढची अक्षरं मागायला लागतं.

ओळख करून देताना फक्त ध्वनी सांगा : ‘म’. ‘म मगरीचा’ असं पाठ झालं की मूल ‘मगर’ वाचताना ‘म मगरीचा, ग गवताचा’ असं म्हणत बसतं आणि शब्द जुळत नाही.

खरखरीत अक्षरांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा पॉलिश पेपर आणा. ६० नंबर फार राठ असतो, बोट सोलतं. २२० इतका बारीक की बोटाला फरक लागत नाही. अक्षराची उंची ८ सेंटिमीटर आणि रेषेची जाडी सुमारे १ सेंटिमीटर ठेवा. कागदाच्या मागच्या गुळगुळीत बाजूला आखून कापणार असाल तर अक्षर आरशातल्यासारखं उलटं आखा, नाहीतर कापून झाल्यावर खरखरीत बाजू वर केली की ‘ग’चा काना डावीकडे येतो. हा घोळ बहुतेक घरांत पहिल्याच अक्षराला होतो. जाड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलनं चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. सुरुवात जिथून करायची तिथे हिरवा ठिपका द्या.

गिरवायचं तर्जनी आणि मधलं बोट एकत्र धरून, आणि लिहायच्याच दिशेनं. शिरोरेघ शेवटी. बोट फिरवत असतानाच तोंडानं ध्वनी. तीन वेळा झालं की लगेच रव्याच्या ताटात तेच अक्षर काढायचं.

ताट स्टीलचं, ३० सेंटिमीटर व्यासाचं, सपाट तळाचं. त्यात बारीक रवा दीडएक वाटी पसरला की साधारण ३-४ मिलिमीटरचा थर होतो. जास्त जाड थरात रेघेच्या कडा ढासळून अक्षर बुजतं, फार पातळ असेल तर बोट ताटावर घासून कर्कश आवाज येतो. रवा आधी कोरडाच भाजून घ्या, नाहीतर महिनाभरात त्याला कीड लागते. पावसाळ्यात ओलसर होऊन गोळे धरले की पुन्हा भाजा. चुकलं तर ताट हलवलं की पुसलं जातं, खाडाखोड दिसत नाही. म्हणूनच वहीला हात न लावणारी मुलंही इथे तासभर बसतात.

पहिली वेलांटी हा पुढचा खड्डा. ‘कि’ म्हणताना आधी क ऐकू येतो आणि मागून इ, पण वेलांटीची दांडी क च्या आधी उभी. मूल वाचताना तिथे अडखळतं, आणि लिहिताना वेलांटी क च्या मागे टाकून ‘की’ करतं. यासाठी मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण कापून अक्षराच्या कार्डाएवढे तुकडे करा, आणि प्रत्येकावर काळ्या मार्करनं फक्त एक खूण काढा : काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, उकार, मात्रा. तुकडा ‘क’च्या कार्डावर ठेवला की ‘कि’, सरकवून ‘म’वर ठेवला की ‘मि’. अक्षर आधी खाली आहे आणि खूण त्याच्यावर चढते, हे हाताला कळलं की डोळा फसत नाही.

चवळीचं मूळ

सरळ बाजूंचा काचेचा पेला, टिपकागद किंवा जाड पेपर नॅपकिन, आणि चवळी किंवा वालाचे ५-६ अख्खे दाणे. दाणे रात्रभर भिजवा. कागदाची गुंडाळी करून पेल्याच्या आतून काचेला लावा आणि मधली पोकळी चुरगळलेल्या कागदानं भरा, म्हणजे गुंडाळी काचेला दाबून राहते. काच आणि कागद यांच्यामध्ये, काठापासून ३ सेंटिमीटर खाली, दाणे सरकवा : एक आडवा, एक उभा, एक उलटा. तळाला २ सेंटिमीटर पाणी. कागद ते वर शोषून घेतो.

बिघडतं ते नेमकं इथे. दाण्यांपर्यंत पाणी भरलं की त्यांना हवा मिळत नाही आणि ते कुजून वास मारतात. फुटका दाणा घेतला की बुरशी येते आणि शेजारच्यांनाही लागते, दिसताच काढून टाका. चवळी उबेत दोन दिवसांत मूळ टाकते, थंडीत चार दिवसही लागतात. तोवर मूल रोज दहा वेळा दाणा उकरून पाहतं. काचेचा पेला घ्यायचा तो त्यासाठीच, न उकरता दिसतं.

मूळ दिसलं की रोज त्याच वेळी १ सेंटिमीटर रुंदीची कागदाची पट्टी मुळाशेजारी धरून तेवढ्याच लांबीची कापायची आणि एका मोठ्या कागदावर शेजारी-शेजारी चिकटवायची. खाली वार लिहायचा. आठवड्यानं जिन्यासारखी चढण तयार होते, आणि मूल बोट ठेवून सांगतं की बुधवारी फार वाढलं. पाच वर्षांच्या मुलाला इथे फूटपट्टी देऊ नका. अर्धा सेंटिमीटर म्हणजे काय यातच सगळं अडतं.

मूळ ३ सेंटिमीटर झालं की साचलेलं पाणी ओतून द्या आणि ओल्या कागदासकट पेला आडवा ठेवा. एक-दोन दिवसांत मुळाचं टोक काटकोनात वळून खाली जाऊ लागतं. शेजारी दुसऱ्या पेल्यात अख्खी तूर आणि तूरडाळ एकत्र लावून पाहा. डाळ फुगते, पण कोंब येत नाही. डाळ करताना दाणा दुभंगतो आणि त्यातला अंकुर तुटून जातो. भिजलेली चवळी नखानं उघडून तो इवला अंकुर मुलाला दाखवता येतो.

सावलीची काडी

हे सहा-सात वर्षांच्या मुलासाठी. गच्चीवर किंवा अंगणात, दिवसभर ऊन राहील अशा सपाट जागी कणकेच्या गोळ्यात ३० सेंटिमीटरची काडी उभी खोचा. दोरीला दगड बांधून शेजारी धरा, काडी खरंच उभी आहे ना ते त्यावरून कळतं. सकाळी ९ पासून दर तासाला सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करून वेळ लिहायची. कागद वापरला तर तो वाऱ्यानं सरकतो आणि सगळी मेहनत वाया जाते, फरशीच बरी.

सावली सगळ्यांत आखूड बाराला होईल अशी मोठ्यांचीही समजूत असते. आपली घड्याळं पूर्वेकडच्या मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेली आहेत, म्हणून मे महिन्यात पुण्यात ती वेळ १२.३१ च्या सुमाराला येते, मुंबईत १२.३५ ला, नागपुरात १२.१० ला. मुलाला आधी सांगू नका. १२ ते १ मध्ये दर पाच मिनिटांनी खुणा करायला लावा, म्हणजे ते स्वतःच शोधून काढतं.

वर्षातून दोन दिवस ही सावली भरदुपारी काडीच्या बुडाशी नाहीशी होते. पणजीत तो दिवस २-३ मेच्या आसपास येतो, कोल्हापुरात ६-७ मेच्या, पुण्यात १३ मेच्या, मुंबईत १५ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या. काडीऐवजी स्टीलचा पेला पालथा ठेवला तर त्याच्या चारी बाजूंना सावलीच दिसत नाही. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टात येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं. म्हणून मेमधल्या तारखेच्या आदले दोन आणि नंतरचे दोन दिवस धरून पाचही दुपारी काडी लावा. त्या तारखेआधी भरदुपारची सावली काडीच्या उत्तरेला असते आणि नंतर दक्षिणेला जाते.